बिऱ्हाड हलवण्याआधी

एप्रिल संपून मे लागला की आमच्या गल्लीत एखादा तरी टेम्पो मागे सरकत सरकत येतो आणि कुणाच्या तरी दारापुढे उभा राहतो. गाद्यांच्या वळकट्या, भांड्यांची पोती, पत्र्याची पेटी, मुलाची सायकल, तुळशीची कुंडी अशा क्रमाने घर बाहेर येऊ लागते. शेजारणी दारात उभ्या असतात. "कुठं?" असे कुणी विचारीत नाही, पुण्यालाच, हे ठरलेले. विचारतात ते एवढेच, "जागा बघितलीसा काय?" आणि आतून उत्तर येते, "बघितली की. ह्यांनी बघून आल्यात."

या "ह्यांनी बघून आल्यात" विषयी मला आज बोलायचे आहे. ह्यांनी काय बघितले, कोणत्या वारी बघितले, आणि जे बघायचे होते ते बघितले का, हा आजचा विषय. शहरात जाणाऱ्यांनी हे ऐकावेच. पण खेड्यापाड्यांतल्या शिक्षकबंधू-भगिनींनी विशेष ऐकावे असे मला वाटते. कारण घर गाव सोडते आहे हे पहिल्यांदा कळते ते शाळेला. पालक दाखला मागायला येतो, आणि गुरुजींना विचारतो, "कसं काय हुईल हो तिकडं पोराचं?"

आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. जिल्हा परिषदेची नोकरी, म्हणजे चार-पाच वर्षांनी बदली आलीच. राधानगरी, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज असे तालुके आम्ही भावंडांनी भूगोलाच्या पुस्तकात वाचण्याआधी राहून पाहिले. मे महिन्यात बदलीचा हुकूम हाती पडला, की आबा आम्हांला काही न सांगता एके दिवशी सकाळची एस्टी धरीत. सोबत छत्री, कापडी पिशवी आणि एक रिकामी बाटली. जात ते नेहमी त्या गावच्या किंवा शेजारच्या गावच्या बाजाराच्या दिवशी. मी एकदा विचारले, बाजाराचाच दिवस का? म्हणाले, "त्या दिवशी सगळ्या गावच्या बायका एका जागी भेटतात आणि कुणाला खोटं बोलायला सवड नसते."

सरपंचाकडे ते शेवटी जात. आधी विहिरीवर जात, मग गिरणीत, मग शाळेच्या वाटेने दोनदा चालत. ओढा लागला तर त्यावर साकव आहे की पावसाळ्यात मुले मोठ्यांच्या खांद्यावरून पलीकडे जातात, हे विचारून घेत. रात्री घरी परतले की पिशवीतली बाटली आईच्या हाती देत. बाटलीत त्या गावच्या विहिरीचे पाणी. आई त्या पाण्यात मूठभर तूरडाळ शिजत घाली. डाळ मऊ शिजली तर तिचा चेहरा खुले; डाळ टणक राहिली तर ती म्हणे, "चार वरसं ह्या पाण्यात काढायची व्हय?" पाण्यात कॅल्शियमचे आणि मॅग्नेशियमचे क्षार फार असले की डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे मला पुढे कॉलेजात कळले. आईला ते चुलीपुढे कळलेले होते. बदली काही त्यामुळे टळत नसे. पण कोणत्या वाडीत, कोणत्या विहिरीच्या बाजूला खोली घ्यायची, हे मात्र त्या डाळीवर ठरे.

आता याहून जुनी एक रीत सांगतो. आपल्या आजरा-चंदगड-गडहिंग्लज भागातले शेकडो लोक मुंबईच्या गिरण्यांत होते. लालबाग-परळच्या चाळींत त्या त्या गावच्या खोल्या असत. खोली एक आणि माणसे वीस-पंचवीस. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. जेवण खानावळीत. नवा माणूस गावाहून निघाला की त्याला जागा बघावी लागत नसे, कारण गावाने ती आधीच बघून ठेवलेली असे. पेटी ठेवण्यापुरती भिंत आणि पाठ टेकण्यापुरती फरशी, एवढीच ती जागा. बायको, पोरे, म्हातारी माणसे गावी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते जग हळूहळू विरले, तरी एक सवय मागे राहिली. जागा पुरुषाने एकट्याने जाऊन बघायची, ही ती सवय. एकट्याने राहायचे होते तेव्हा ते ठीक होते. आता सगळे घरच उठून जाते, आणि बघून येतो मात्र अजूनही एकटा कर्ता पुरुष, तोही सुट्टीच्या दिवशी.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही. मी स्वतः तेच केले.

२०१४ साली मला पुण्याच्या एका कॉलेजात जागा मिळाली. भूगोलाचा एम. ए. मी, नकाशे वाचायला शिकवणारा माणूस. मी रविवारी सकाळी गाडीने गेलो. कोल्हापूर ते पुणे सुमारे २३० किलोमीटर, सरळ महामार्ग. शहराच्या पश्चिमेला महामार्गालगत नव्या इमारती उठत होत्या. त्या वस्तीचे नाव मी घेत नाही. दोष वस्तीचा नव्हता, बघणाऱ्याचा होता. अकराव्या मजल्यावरची जागा. गॅलरीतून डोंगर दिसत होता, वारा सुरेख होता, रस्ता मोकळा होता. कॉलेजपर्यंत चौदा किलोमीटर. मी मोटारीने पंचवीस मिनिटांत गेलो आणि आलो. नळ सोडून पाहिला, पाणी आले. दुपारी चार वाजता मी अनामत रक्कम देऊन मोकळा झालो, आणि संध्याकाळच्या परतीच्या वाटेवर साताऱ्यात थांबून घरच्यांसाठी कंदी पेढे घेतले, इतका मी खुशीत होतो.

जूनमध्ये पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि आई यांना घेऊन मी तिथे राहायला गेलो. आबा तोवर नव्हते. पहिल्या सोमवारी त्याच चौदा किलोमीटरांना मला दीड तास लागला. नळाला आलेले पाणी टँकरचे होते, आणि टँकर कोणत्या बोअरचे पाणी आणतो हे कुणालाच सांगता येत नव्हते. तिसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आरं, डाळ शिजंना." मी हसण्यावारी नेले. गॅस मोठा कर म्हटले. बाटलीची आठवणही मला झाली नाही.

मुलीची शाळा बसने पाऊण तासावर. मराठी शाळा जवळपास आढळली नाही म्हणून जी मिळाली ती घेतली. एके दिवशी ती घरी येऊन गप्प बसली. खूप विचारल्यावर कळले, की वर्गात ती "मी आलो" म्हणाली आणि सगळी पोरे हसली, "तू मुलगा आहेस का?" म्हणाली. श्रोतेहो, आपल्याकडे बायकामुली "मी आलो, मी गेलो, मी जेवलो" म्हणतात, त्यात आपल्याला काही वेगळे वाटत नाही. माझ्या आईने आयुष्यभर तेच बोलले. मुलीने मात्र त्या आठवड्यापासून आजीशी बोलताना अडखळायला सुरुवात केली. एवढीशी गोष्ट, पण घरात ती सलत राहिली.

आणि आईचे काय? कोल्हापुरात आमचे घर मंगळवार पेठेत. सकाळी अंबाबाईचे दर्शन, येताना कपिलतीर्थ मंडईतली भाजी, वाटेत दहा जणींशी बोलणे, असा तिचा दिवस पायांवर चालणारा. इथे देऊळ होते, दिसतही होते, पण महामार्गाच्या पलीकडे. मधे सेवा-रस्ता, मग महामार्ग, पुन्हा सेवा-रस्ता. पहिल्या आठवड्यात ती दोनदा खाली गेली, रस्त्याच्या कडेला उभी राहून परत आली. लिफ्टची तिला भीती वाटे. शेजारी चांगले होते. पण सकाळी आठला सगळी दारे बंद होत आणि रात्री आठला उघडत. ती गॅलरीत बसून महामार्गावरच्या कोल्हापूरच्या गाड्या ओळखू लागली. मला म्हणायची, "आज आपल्याकडच्या सात गाड्या गेल्या बघ." दिवाळीला आम्ही कोल्हापूरला आलो, आणि निघायच्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही जावा. मी ऱ्हातो हितंच. तिकडं पाणी इकत, भाजी इकत, आन् बोलायलाबी मानूस न्हाई."

मी फार आग्रह केला नाही, हे कबूल करतो. फेब्रुवारीत एका रात्री ती न्हाणीघरात घसरून पडली. शेजारच्या काकूंना पहाटे दूध घालायला येणाऱ्याने सांगितले, तेव्हा दार उघडले गेले. फोन आला आणि मी तो सरळ महामार्ग चार तासांत कापला. तेवढा रस्ता मला आयुष्यात कधी लांब वाटला नव्हता. खुब्याची शस्त्रक्रिया झाली. आई आज काठी घेऊन चालते. मे महिन्यात नोकरी सोडून मी परत आलो. पुढे इथे दुसरी मिळाली, हा नशिबाचा भाग. सगळ्यांची मिळत नाही.

हे सारे मी माझ्या धाकट्या बहिणीला कधी नीट सांगितले नव्हते. पण २०२३ साली तिच्या यजमानांना कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीपेक्षा बरी नोकरी चाकणला मिळाली, तेव्हा तीच माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, तू चल. पण मीबी येणार, आन् पोरंबी." आणि तिने पिशवीतून एक रिकामी बाटली काढून दाखवली. आईने दिली होती.

आम्ही पाच जण बुधवारी निघालो. रविवार नको, हे तिने आधीच ठरवले होते. पिंपरीत तिच्या नणंदेकडे तीन रात्री राहिलो. नातेवाइकाकडे तीन रात्री राहणे हे हल्ली जरा अवघड वाटते, पण जागा बघण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. कारण सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात या दोन वेळा बघायच्या तर मुक्काम हवा. दुपारच्या दोन वाजता प्रत्येक वस्ती शांत आणि सुंदर असते.

मेहुण्यांच्या मनात मोशीतली एक जागा होती. कारखान्याला जवळ, इमारत नवी, खाली पोहण्याचा तलाव. मुलांनी तलाव पाहिला आणि त्यांचे मत तिथेच झाले. बहीण काही बोलली नाही. ती खाली उतरून रखवालदाराशी बोलत उभी राहिली. टँकर दिवसाला किती येतात? उन्हाळ्यात किती? त्याचे पैसे महिन्याच्या वर्गणीत की वेगळे? रखवालदार जालन्याकडचा होता, भला होता. त्याने सगळे सांगितले. मग तिने त्याच्याच खोलीतल्या नळाची बाटली भरून घेतली. तो हसला. रात्री नणंदेच्या स्वयंपाकघरात डाळ शिजत घातली, दुसऱ्या शेगडीवर नणंदेच्या घरच्या पाण्यात घातली, आणि दोन्ही भांडी मेहुण्यांच्या पुढे ठेवली. मेहुणे अभियंता आहेत. त्यांनी दोन्ही डाळी बोटाने दाबून पाहिल्या आणि काही बोलले नाहीत.

इथे एक सांगितले पाहिजे. डाळ शिजली म्हणजे पाणी निर्मळ असे होत नाही. डाळ क्षार सांगते, जंतू सांगत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे बरेच रुग्ण आढळले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता. ही गावे महापालिकेत अलीकडेच आलेली. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे घेतली गेली. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन पुढे पुन्हा वगळण्यात आली. हद्द अशी पुढेमागे सरकत असते, आणि हद्दीबरोबर नळाचा मालक बदलतो. म्हणून "ही जागा पुण्यात आहे ना?" एवढे विचारून भागत नाही. पाणी कोणाचे, शुद्धीकरण होऊन येते का, रोज की दिवसाआड, हे विचारावे लागते. पिंपरी-चिंचवडमध्ये पवनेचे पाणी २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड सुरू झाले. दिवसाआड आले तरी चालते. इमारतीची टाकी किती मोठी आणि माणसे किती, हा हिशेब मात्र करून घ्यावा.

पुराच्या बाबतीत तर मला आपल्या लोकांचे नवल वाटते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. २०१९ आणि २०२१ चे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, याच्या खुणा आपण भिंतींवर करून ठेवल्या आहेत. इथे कुणी प्लॉट घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न, "पाणी कुठवर येतं?" तोच माणूस पुण्याला गेला की हा प्रश्न विचारायला विसरतो, जणू शहरात पाणी नळातूनच येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, माणसे गेली, मोटारी वाहून गेल्या. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. ओढा बुजवून त्यावर वाहनतळ झालेला असला, तरी ओढा आपली वाट विसरत नाही. शक्य असेल तर जागा एकदा पावसाळ्यात बघावी. ते जमले नाही तर वस्तीतल्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारावे, तुमच्या पोत्यांना पाणी कधी लागले होते. इमारत विकणाऱ्याला हे विचारण्यात अर्थ नाही.

आता शाळेकडे वळतो. अमेरिकेत क्लेरन्स पेरी नावाच्या नियोजनकाराने १९२९ साली न्यूयॉर्क परिसराच्या आराखड्यात एक कल्पना मांडली. वस्ती केवढी असावी? तर लहान मुलाला मोठा, रहदारीचा रस्ता न ओलांडता प्राथमिक शाळेत चालत जाता येईल एवढी. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत, मधून नव्हे. जगभरच्या नगररचनेच्या पुस्तकांत ही कल्पना आहे आणि मी ती वर्गात वर्षानुवर्षे शिकवली आहे. आबांनी पेरीचे नाव ऐकलेले नव्हते, पण ते साकव बघत होते तो याच कल्पनेपोटी. पुस्तक मला पाठ होते आणि २०१४ साली मी माझ्या मुलीला आणि आईला महामार्गाच्या काठावर नेऊन ठेवले.

तिसऱ्या दिवशी आम्ही निगडीच्या प्राधिकरणात गेलो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतल्या लोकांना राहायला जागा हवी म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याने सेक्टर पाडून ही वस्ती आखली. आता झाडे मोठी झाली आहेत, इमारती जुन्या झाल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरची लहानशी जागा होती. लिफ्ट नाही, तलाव नाही, रंग उडालेला. भाडे मोशीच्या जागेहून थोडे जास्तच. मेहुणे नाखूश. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते: इथून चाकणला कंपनीची बस धरायची तर सकाळी लवकर निघायचे, नाशिक महामार्गाच्या बाजूची गर्दी अंगावर घ्यायची, रात्री आठला परतायचे. मोशीत राहिले तर त्यांचा रोजचा तास-दीड तास वाचत होता.

बहिणीने मुलांना हाताशी धरले आणि ती घरापासून शाळेपर्यंत चालत गेली. मराठी माध्यमाची शाळा. अकरा मिनिटे लागली, मोठा रस्ता एकही नाही. शाळा सुटायची वेळ होती. फाटकाशी मुलांना न्यायला आलेल्या बायका उभ्या होत्या. त्यांत दोन साताऱ्याच्या, एक लातूरची आणि एक चक्क गारगोटीची निघाली. पंधरा मिनिटांत तिला कळले की चौथीच्या बाई कशा आहेत, दवाखाना कोणता बरा, आणि पिठाची गिरणी कुठे आहे. घरमालकाला विचारून हे तिला महिन्यातही कळले नसते. बागेत म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. बहीण एकीजवळ जाऊन म्हणाली, "मी कोल्हापूरहून आलो." ती बाई मुळीच हसली नाही. म्हणाली, "बस की मग."

त्या रात्री नवराबायकोत बोलणे झाले. मी गॅलरीत जाऊन बसलो. एवढे ऐकू आले, की बहीण म्हणत होती, "तुमचा तास जातोय हे मला कळतंय. पण तुमी तास देताय, आन् तिकडं पोरं आन् मी दिवस दिला असता." मेहुण्यांनी ऐकले. ते पूर्ण खूश आहेत असे मी म्हणणार नाही. अजूनही कधी गर्दीत अडकले की फोनवर मला टोमणा मारतात, "प्राध्यापकसाहेब, तुमच्या त्या अमेरिकनाला सांगा, बापानं कुठं राहायचं त्ये." या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. नोकरी एका टोकाला आणि परवडणारी, राहण्यासारखी वस्ती दुसऱ्या टोकाला, हे पुण्याचेच नव्हे, मोठ्या शहरांचे जुने दुखणे आहे. कुणीतरी तो तास भरतोच. कोणी भरायचा, हे घरात बसून उघड बोलून ठरवलेले बरे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. भाड्याची जागा असली तरी करार लेखी आणि नोंदणी केलेलाच करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. जागा विकत घ्यायची असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्या बांधकामाची नोंद कुणाकडून तरी वाचून घ्यावी आणि भोगवटा प्रमाणपत्र झाले आहे का ते पाहावे. पण माझे मत विचाराल तर पहिले वर्ष विकत घेऊच नये. एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने काढावा. गावाकडचे रान विकून पैसे हाती आले, की माणसाला घाई होते. ती घाई ओळखणारे लोक शहरात पुष्कळ बसलेले असतात.

आणि शिक्षकांना एक विनंती. पालक दाखला मागायला आला की तो देणे तर आपले कर्तव्यच आहे, आणि शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला उशिरा आला एवढ्या कारणावरून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हेही पालकाला सांगावे. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: नवी शाळा बघितली का? आणि मुलाच्या आईने बघितली का? उत्तर "अजून न्हाई" असे आले, तर एका दिवसासाठी जाऊन या म्हणावे. गुरुजींनी सांगितले तर आजही लोक ऐकतात. बापाने सांगितले तर ऐकत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगतो.

बहिणीच्या घरी आई गेल्या वर्षी पंधरा दिवस राहून आली. दुसरा मजला तिला काठी टेकत चढावा लागला, त्याबद्दल कुरकुर केलीच. पण रोज संध्याकाळी बागेत जात होती. परत आल्यावर मी विचारले, कसे आहे तिकडे? म्हणाली, "डाळ शिजती." आणि मग त्या बागेतल्या बायकांच्या सुनांविषयी अर्धा तास सांगत बसली.

परवा माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. कागलजवळच्या खेड्यातला. गेल्या वर्षी लग्न झाले, पुण्याला नोकरी लागली, घरी आई-वडील आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण आहे, सगळ्यांनाच नेणार आहे. मोबाइलवर त्याने मला जागेची छायाचित्रे दाखवली: गॅलरी, गॅलरीतून दिसणारा डोंगर, चकचकीत नळ. मी विचारले, "कोणत्या वारी बघितलीस?"

"रविवारी, सर."

"पैसे दिलेस?"

"सोमवारी द्यायचे आहेत."

येत्या मंगळवारी तो पुन्हा जाणार आहे, आईला आणि बायकोला घेऊन. बाटली मी त्याला आमच्याच घरातून दिली.